गोठलेल्या तळ्यावरचा हिवाळा: आधी बर्फ मोजा, मग बेत ठरवा

मिनेसोटातली तळी नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये गोठतात आणि एप्रिलमध्ये मोकळी होतात, हे आता जपूनच म्हणावं लागतं. २०२३-२४चा हिवाळा राज्याच्या नोंदींतला सर्वांत उबदार हिवाळा ठरला. त्याच फेब्रुवारीत मिनियापोलिसच्या थिओडोर वर्थ पार्कमध्ये क्रॉस-कंट्री स्कीइंगची वर्ल्ड कप शर्यत झाली, ती यंत्रांनी तयार केलेल्या स्नोवर. त्याच्या आदल्या वर्षी कॅनडात ऑटवाच्या रिडो कनालवरचा ७.८ किलोमीटरचा स्केटिंगचा मार्ग अख्ख्या मोसमात एकही दिवस उघडला नाही. तो सुरू झाल्यापासून असं पहिल्यांदाच घडलं.

तरीही घरात बसून राहायचं काही कारण नाही. थंडी पडते, बर्फही धरतो, फक्त तो तारखा पाळत नाही. त्यामुळे ‘जानेवारीच्या दुसऱ्या शनिवारी तळ्यावर जायचं’ असा बेत न आखता त्या शनिवारसाठी तीन जागा हाताशी ठेवायच्या: एक तळं, एक जंगलातली वाट आणि एक यंत्राने गोठवलेली रिंक. कुठे जायचं ते शुक्रवारी संध्याकाळी हवा बघून ठरवायचं आणि तळ्याच्या काठावर बर्फ मोजून पुन्हा एकदा तपासायचं. बर्फ खचून होणाऱ्या अपघातांत बर्फाची जाडी माहीत नसणं हे एक कारण असतं. दुसरं, तितकंच मोठं कारण म्हणजे तासभर गाडी चालवून आलोय, मुलांना पाच-पाच थरांचे कपडे चढवलेत, आता परत कसं जायचं, ही भावना. दुसरी जागा आधीच ठरलेली असेल तर परत फिरणं जड जात नाही.

पुढचं सगळं मिनियापोलिस-सेंट पॉल परिसर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं आहे. शिकागो, मिशिगन, टोरांटोकडे बर्फाचं शास्त्र तेच, परवान्यांचे आणि पार्कांचे नियम मात्र तिथले बघा.

बर्फ धरतो कसा

पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असतं. शरद ऋतूत तळ्याचं सगळं पाणी थंड होत होत ४ अंशांपर्यंत आलं की त्याहून थंड झालेलं पाणी हलकं होऊन वर तरंगतं आणि एखाद्या निवांत, निरभ्र रात्री वरची साय गोठते. (‘साय’ म्हणायचं कारण पहिला थर खरंच तितकाच पातळ असतो.) त्या वेळी वारा असेल तर लाटा ही साय मोडत राहतात. म्हणून लहान, आडोशाची तळी आधी गोठतात आणि मिलॅक्ससारखं विस्तीर्ण तळं मागून. जवळच्या पाँडवर मुलं खेळताना दिसली म्हणून मोठं तळंही तयार झालं असेल, असं समजू नका.

सुरुवातीच्या पातळ बर्फासाठी एक ढोबळ हिशेब उपयोगी पडतो. दिवसरात्रीचं सरासरी तापमान ३२ फॅरनहाइटच्या जितकं खाली, तितके त्या दिवसाचे ‘गोठण-अंश’. असे साधारण १५ अंश साठले की एक इंच बर्फ वाढतो. म्हणजे सरासरी १७ फॅरनहाइटचा (उणे ८ सेल्सिअसचा) एक दिवस म्हणजे एक इंच. पण बर्फ जाड होत जातो तसा तो स्वतःच खालच्या पाण्यासाठी पांघरूण बनतो आणि वाढ मंदावते. वर स्नो पडला तर ती आणखी मंदावते. चार इंच धरल्याबरोबर आठ इंच स्नो पडला आणि मग आठवडाभर कडाक्याची थंडी राहिली, तरी बर्फ फारसा वाढलेला नसतो. बाहेर उणे २० आहे म्हणून बर्फ भक्कम असणार, हा अंदाज याच कारणाने फसतो. तेव्हा हा हिशेब आज जाऊन मोजण्यात अर्थ आहे की नाही, एवढं ठरवण्यापुरताच वापरा.

बर्फाचे दोन प्रकार ओळखता यायला हवेत. निळसर-काळा, आरपार दिसणारा स्वच्छ बर्फ सर्वांत भक्कम. पांढरा, दुधाळ बर्फ स्नो भिजून गोठल्याने तयार होतो. त्याच्यात हवेचे बुडबुडे असतात आणि त्याची ताकद निम्मी धरायची. करडा बर्फ म्हणजे आत पाणी आहे, त्यावर पाय ठेवायचाच नाही.

किती जाड हवा

मिनेसोटाचं नैसर्गिक साधनसंपत्ती खातं, म्हणजे इथे सगळे ज्याला डीएनआर म्हणतात ते, नव्या, स्वच्छ आणि घट्ट बर्फासाठी हे आकडे देतं:

४ इंचांपेक्षा कमी: बर्फावर जाऊ नका
४ इंच: चालणं, स्केटिंग, पायी जाऊन मासेमारी
५ ते ७ इंच: स्नोमोबाइल किंवा लहान एटीव्ही
९ ते १० इंच: छोटी कार
११ ते १२ इंच: मध्यम एसयूव्ही
१३ इंच: मध्यम पिकअप ट्रक

पांढऱ्या बर्फासाठी हे आकडे दुप्पट करा. वरचा ३ इंच पांढरा आणि खालचा ४ इंच स्वच्छ असेल तर हिशेबाला साडेपाच इंच धरायचे, सात नव्हे. दोन थरांच्या मध्ये पाणी किंवा पोकळी लागली तर त्यांची बेरीज करू नका, ते थर एकमेकांना आधार देत नाहीत.

गाडी बर्फावर नेण्याबद्दल आमचं मत स्पष्ट आहे: कुटुंबासोबत मजेसाठी गेलेल्या माणसाला त्याची गरज नाही. सामान स्लेडवर ओढून न्या. सगळे ट्रक जातायत म्हणून आपलीही गाडी घालायची, हे तर मुळीच नको. ते लोक तिथे रोज मोजतात आणि कुठून वळायचं ते त्यांना माहीत असतं. शिवाय चार इंच ही एकेकट्याने, अंतर ठेवून चालणाऱ्यांसाठीची सीमा आहे. दहा-बारा जण, मुलं आणि स्लेड घेऊन जाणार असाल तर सहा-सात इंचांची वाट पाहा.

मोजायचं कसं

दोन अवजारं लागतात. पहिलं स्पड बार: साधारण साडेचार-पाच फुटांची, टोकाला धार असलेली जड लोखंडी पहार. तिला वर दोरीचा फास बांधा आणि तो मनगटात अडकवा, नाहीतर पहिल्याच जोरदार घावात ती भोकातून थेट तळाला जाते. काठावर उभं राहून पुढच्या जागी दोन-तीन घाव घाला. भक्कम बर्फावर पहार टणकन उसळते आणि पांढरी खूण उमटते. पोकळ ‘धप्प’ आवाज आला किंवा तडे चहूकडे पसरले तर थांबा. एका घावात आरपार गेली तर तिथूनच मागे फिरा, आपल्याच पावलांवरून.

दुसरं ड्रिल. घरातलं १८ व्होल्टचं कॉर्डलेस ड्रिल चालतं. त्याला लाकडासाठीचा, पिळाचा, ५/८ इंची ऑगर बिट लावा, निदान ८ ते १० इंच लांबीचा. चपट्या पात्याचा बिट घेऊ नका. तो चुरा वर आणत नाही, मग चुरा भोकात दाटतो आणि बिट अडकून गोठतो. पिळाचा बिटही दर दोन इंचांनी फिरता ठेवूनच बाहेर काढा, चुरा झटका आणि पुन्हा घाला. आरपार गेला की हाताला एकदम हलकं लागतं आणि भोकातून पाणी बुडबुडत वर येतं. पाणी वर आलं म्हणून दचकू नका. बर्फ तरंगत असल्यामुळे पाण्याची पातळी त्याच्या वरच्या कडेच्या जरा खालीच असते, ते भोकातच थांबतं. पण पाणी भोकातून वर येऊन बाजूला पसरायला लागलं तर वरच्या स्नोच्या वजनाने बर्फ खाली दबला आहे, हे समजा.

जाडीसाठी जाड तारेचं टोक काटकोनात वाकवून तिच्यावर दर इंचाला परमनंट मार्करने खुणा करा. तार भोकात घालून वाकवलेलं टोक बर्फाच्या खालच्या कडेला अडकवा आणि वरच्या कडेपाशीची खूण वाचा. वरची कड म्हणजे घट्ट बर्फाची कड. त्यावरचा स्नो आणि भिजलेला लगदा हाताने बाजूला करून मग वाचा, नाहीतर दोन इंच फुकटचे वाढतात. ड्रिलची बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवा, थंडीत ती झपाट्याने उतरते. घरी आल्यावर बिट पुसून तेलाचा हात लावा.

पहिलं भोक काठापासून दहा फुटांवर, मग सुरुवातीला दर वीस-तीस पावलांवर. आकडे सारखे येत गेले तर अंतर वाढवता येतं, पण १५० फुटांच्या पुढे न मोजता जाऊ नका. मोजणारी व्यक्ती पुढे, तिच्या अंगावर लाइफ जॅकेट आणि गळ्यात आईस पिक्स (पाण्यात पडल्यास बर्फात रोवून वर यायला टोकदार दांडक्यांची जोडी). बाकीचे काठावर.

कच्च्या जागा

एकाच तळ्यावर शंभर फुटांच्या अंतरात सात इंचाचे दोन इंच होऊ शकतात. ओढा तळ्यात येतो तिथे आणि बाहेर पडतो तिथे, पुलाखाली, दोन तळ्यांना जोडणाऱ्या चिंचोळ्या भागात, झऱ्यांवर बर्फ पातळ असतो, कारण हलतं पाणी गोठायला वेळ घेतं. बोरूच्या आणि कॅटटेलच्या बेटांभोवती, अर्धवट बुडालेल्या खडकाभोवती, खांबांभोवती ऊन आणि कुजणारा पाला बर्फ खातात. बदकं आणि हंस बसलेले दिसले तर तिथे नुकतंच मोकळं पाणी होतं किंवा अजून आहे. काही घरमालक धक्क्याचे खांब वाचवायला पाण्यात बबलर (बुडबुडे सोडून पाणी गोठू न देणारं यंत्र) लावतात, अशा जागी पाण्याजवळ ‘थिन आईस’च्या पाट्या असतात, त्या गांभीर्याने घ्या. मोठ्या तळ्यांवर बर्फाचे पत्रे एकमेकांवर रेटून उंचवटा होतो. तो दिसायला सुंदर असतो, पण त्याच्या दोन्ही अंगांना मोकळं पाणी असू शकतं. फोटोसाठी त्यावर चढू नका.

सर्वांत जास्त काळजीचं ठिकाण मात्र घरामागचं पाँड. ईडन प्रेअरी, प्लिमथ, मेपल ग्रोव्हसारख्या उपनगरांतल्या वसाहतींत मागच्या अंगणाला लागून जे देखणं पाणी असतं ते बऱ्याचदा पावसाचं पाणी साठवायचं तळं असतं. रस्त्यावरचा स्नो वितळला की पाइपातून मीठमिश्रित कोमट पाणी बर्फाखाली येतं. मीठ बर्फ कुजवतं. पाण्याची पातळीही वरखाली होते, त्यामुळे बर्फाखाली पोकळी राहते आणि वरून काही दिसत नाही. चारी बाजूंनी घरं, खिडकीतून दिसणारी मुलं, म्हणून हे सुरक्षित वाटतं. डिसेंबरची पहिली थंडी पडली की मुलांना हात धरून तिथे न्या, पाइपाचं तोंड दाखवा आणि नियम सांगा: या पाँडवर कुणीही जायचं नाही, बॉल गेला तरी नाही, शेजारचा कुत्रा गेला तरी नाही. कुत्र्यामागे धावत माणसं पाण्यात पडतात, हे दर हिवाळ्यात घडतं.

नदीवर, मग ती मिसिसिपी असो की मिनेसोटा, आम्ही कुणालाच जा म्हणणार नाही.

हवा बदलली की बर्फाचं काय होतं

थंडी एकसारखी असेल तर काम सोपं. अडचण होते ती जानेवारीत तीन दिवस ४० फॅरनहाइट, मग पाऊस, मग पुन्हा उणे अशा खेळामुळे. तापमान दिवसभर आणि रात्रभर गोठणबिंदूच्या वर राहिलं की जाडी फार न घटताही बर्फ मऊ पडतो, म्हणजे आकडा तोच आणि ताकद कमी. परत थंडी आली की वरचं पाणी गोठून पृष्ठभाग आरशासारखा चकाकतो आणि फार मोहात पाडतो. अशा वेळी जुने आकडे विसरा, किमान दोन रात्री कडक थंडी जाऊ द्या आणि सगळी भोकं नव्याने पाडा. काठही नीट बघा. पाऊस आणि वितळलेलं पाणी काठावरून उतरतं, त्यामुळे मध्ये दहा इंच असताना काठाशी बर्फ सुटलेला असतो.

जोराचा वाराही बर्फ मोडतो. मोठ्या तळ्यावर भेग रुंदावली की माणसं सरकत्या बर्फावर अडकतात. वाऱ्याचा इशारा असेल त्या दिवशी मोठं तळं टाळा.

रात्री तापमान झपाट्याने उतरताना तळ्यातून गडगड, कडाड असे आवाज येतात. बर्फ आकसताना आणि पसरताना तडकतो, त्याचे ते आवाज. जाडी पुरेशी मोजलेली असेल तर ते ऐकत निर्धास्त चाला, हिवाळी रात्रीची ती खरी मौज आहे. नुसता तडा म्हणजेही धोका नाही. तड्यातून पाणी वर येत असेल, किंवा पायाखाली बर्फ लवताना जाणवला, तर मात्र तसेच मागे या.

अंगावर काय, पिशवीत काय

थरांचा नियम बहुतेकांना ठाऊक असतो, चूक होते ती सुताच्या बनियनने. सुती कपडा घाम धरून ठेवतो आणि थांबल्याबरोबर अंग गारठतं. अंगाला लागून मेरिनो लोकर किंवा पॉलिएस्टर, त्यावर फ्लीस किंवा घरचा लोकरी स्वेटर, सर्वांत वर वारा अडवणारं जाकीट आणि स्नो पँट. बोटांच्या हातमोज्यांवर मिटन चढवा. बुटात बोटं हलली पाहिजेत. दोन जाड मोजे कोंबून बूट घट्ट केले की रक्तप्रवाह अडतो आणि एका मोज्यापेक्षा जास्त थंडी वाजते. कोरड्या मोज्यांचा एक जोड आणि मुलांसाठी हातमोज्यांचे दोन जास्तीचे जोड पिशवीत हवेतच.

तापमानापेक्षा वारा बघा. शून्य फॅरनहाइट (उणे १८ सेल्सिअस) आणि ताशी १५ मैल वारा म्हणजे त्वचेला उणे १९ फॅरनहाइट (उणे २८ सेल्सिअस). अशा हवेत उघडी त्वचा अर्ध्या तासात गोठू शकते. तळ्यावर आडोसा नसतो, त्यामुळे अंगणात जाणवणाऱ्या वाऱ्यापेक्षा तिथला वारा जास्तच. मुलांच्या नाकाचा शेंडा आणि गाल दर दहा मिनिटांनी बघा. पांढरट, मेणचट डाग दिसला की लगेच आत न्या, चोळू नका, उबदार तळवा नुसता टेकवून ठेवा.

आईस पिक्स प्रत्येकाच्या गळ्यात, पिशवीत नव्हे. तयार जोडी साधारण १० डॉलरला मिळते. घरी करायची तर मुठीत मावतील असे चार-पाच इंचांचे दोन लाकडी दांडके घ्या, प्रत्येकाच्या टोकात एक मजबूत काँक्रीटचा खिळा ठोका, डोकं कापून टोक कानशीने धारदार करा, दुसऱ्या टोकाला भोक पाडून दोन्ही दांडके दोरीने जोडा. दोरी बाहीतून जाईल एवढी लांब ठेवा. लाकूड यासाठी की हातातून सुटलं तरी तरंगतं. टोकांवर बाटलीची बुचं खोचून ठेवा.

त्याशिवाय ५० फूट तरंगती दोरी, शिटी, हेडलॅम्प (डिसेंबरात साडेचारलाच अंधारतं), पाणी न शिरणाऱ्या पिशवीत आतल्या खिशात ठेवलेला फोन. बुटांना मायक्रोस्पाइक्स (बुटांवर चढवायचे छोटे लोखंडी दाते). उघड्या बर्फावर त्यांच्याशिवाय चालणं म्हणजे मनगट मोडून घेणं. भारतातून आलेले आईबाबा सोबत असतील तर त्यांना घरातच खुर्चीवर बसवून स्पाइक्स चढवून दाखवा, आणि सांगा: छोटी पावलं, तळवा पूर्ण टेकवून, हात खिशाबाहेर.

खाण्याचं मनावर घ्या. थंडीत शरीर भराभर इंधन जाळतं आणि तहान लागत नाही. तिळगुळाचे लाडू आणि शेंगदाण्याची चिक्की इथे खऱ्या अर्थाने कामाला येतात, गोठून दगडही होत नाहीत (चॉकलेट होतं). रुंद तोंडाच्या थर्मासात आधी दहा मिनिटं उकळतं पाणी भरून ठेवा, ते ओतून मग सैलसर मुगाची खिचडी भरा, चार तासांनीही वाफाळती निघते. पाण्याची बाटली उलटी ठेवा, पाणी वरून गोठतं आणि बूच मोकळं राहतं.

कुणी पाण्यात पडलंच तर

मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गिसब्रेख्ट यांनी रूढ केलेलं १-१०-१ हे सूत्र पाठ करा. पहिला १ मिनिट: थंड पाण्याच्या धक्क्याने श्वास फुलतो, तो ताब्यात आणायचा, डोकं वर ठेवायचं. पुढची १० मिनिटं: हातपाय अजून कामाचे आहेत, याच वेळात बाहेर यायचं. मग साधारण १ तास: शरीर गारठून शुद्ध हरपायला एवढा वेळ लागतो. म्हणजे घाबरून पहिल्या मिनिटात शक्ती संपवायची नाही.

ज्या दिशेने आलात तिकडे तोंड करा, तिथला बर्फ मघाशी तुमचं वजन पेलत होता. कोपरं बर्फावर टेका, पिक्स रोवा, पाय मागे आडवे करून पोहल्यासारखे मारा आणि पोटावर सरकत वर या. कड मोडली तर पुन्हा, भक्कम बर्फ लागेपर्यंत. वर आल्यावर उभं राहू नका, लोळत किंवा सरपटत काठाकडे या.

दुसरं कुणी पडलं तर आधी ९११. धावत जवळ जाऊ नका, नाहीतर दोघांना काढावं लागतं. ओरडून धीर द्या, कुठे वळायचं ते सांगा, मग काठावरून दोरी, शिडी, हॉकी स्टिक, जे असेल ते पुढे करा. बाहेर काढल्यावर वारा अडवा, ओले कपडे काढा, ब्लँकेटमध्ये गुंडाळा. हातपाय चोळू नका, मद्य देऊ नका. पूर्ण शुद्धीत असेल तरच गोड गरम पेय द्या.

आता मजा

स्केटिंगसाठी स्वच्छ बर्फ मिळाला की फावड्याने रिंक करा. स्नो काढलेल्या जागी थंडी थेट लागते आणि तिथला बर्फ भराभर वाढतो. उपसलेला स्नो मात्र कडेला एकाच उंच ढिगात रचू नका. ढिगाच्या वजनाने बर्फ दबतो, पांघरुणामुळे तिथे वाढतही नाही आणि आठवड्यात रिंकच्या कडेला पाणी येतं. लांबवर पातळ पसरा. मुलांना हेल्मेट सक्तीचं. स्केट पायाला घट्ट, एकाच पातळ मोज्यावर. सैल स्केटमध्ये घोटा आत कलतो आणि मूल स्केटिंगलाच नाही म्हणतं.

संक्रांत नेमकी बर्फ भरात असतानाच येते. तळ्यावर झाड नाही, तार नाही, वारा भरपूर. मिनियापोलिसच्या लेक हॅरिएटवर जानेवारीत पतंगांचा उत्सवही भरतो. येवल्याची किंवा नागपूरची संक्रांत पाहिलेल्यांना वेगळं सांगायला नको. मांजा नको, साधा दोरा घ्या. आणि मोजलेल्या भागाच्या चारी कोपऱ्यांना रंगीत झेंड्या रोवा, कारण पतंगाकडे बघत मागे मागे सरकणाऱ्याला बर्फ कुठे संपतो ते कळत नाही.

मासेमारीला १६ वर्षांच्या आणि त्यावरच्यांना मिनेसोटाचा परवाना लागतो, आणि हिवाळ्यात बर्फातून दोन गळ टाकता येतात. ब्लूगिल, क्रॅपीसाठी ६ इंची भोक पुरतं. वॉलायसाठी ८ इंची. छोटा जिग (वजन लावलेला गळ) तळापासून फूट-दीड फूट वर धरा आणि अगदी हळू हलवा, थंड पाण्यात मासा आळसावलेला असतो. क्रॅपी सूर्यास्ताच्या आसपास चांगली लागते. तिखट-मीठ लावून रव्यात घोळवून तव्यावर टाकलेली ब्लूगिल उत्तम लागते, काट्यांकडे तेवढं लक्ष द्या. तंबूत प्रोपेनचा हीटर लावणार असाल तर वरची आणि खालची अशा दोन्ही झडपा उघड्या ठेवा आणि बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म टांगा. कोळशाची शेगडी तंबूत कधीही नाही. उठताना आपल्या भोकावर फांदी रोवून ठेवा, पाठीमागून येणाऱ्याचा पाय अडकतो.

तळं नाही म्हणालं तर

रोझव्हिलचं जॉन रोझ ओव्हल यंत्राने गोठवलेलं, उघड्यावरचं आहे, मेपल ग्रोव्हच्या सेंट्रल पार्कात झाडांतून वळत जाणारी स्केटिंगची वाट आहे. दोन्हीकडे हवा जरा उबदार असली तरी बर्फ टिकतो. तरी निघण्यापूर्वी त्या दिवसाची वेळ बघा, जोराच्या पावसात तेही बंद करतात. स्कीसाठी थिओडोर वर्थ, हायलंड लेक आणि एल्म क्रीक इथे यंत्राचा स्नो असतो. पास मात्र जागेप्रमाणे वेगळे असतात. स्नोशूसाठी (स्नोत पाय रुतू नये म्हणून बुटांना बांधायच्या रुंद चौकटींसाठी) निदान सहा इंच स्नो हवा. त्याहून कमी असेल तर त्याच वाटेवर मायक्रोस्पाइक्स घालून चाला, जास्त आनंद मिळतो. पावसानंतर गोठलेल्या वाटांवर उतारच घात करतात. अशा दिवशी सपाट वाट निवडा आणि क्रॉस-कंट्री स्कीच्या खाचांवर पायी चालू नका, त्या मोडतात.

मार्चमध्ये हिशेब बदलतो. ऊन चढलं की बर्फाचे उभे स्फटिक सुटे होऊ लागतात आणि फूटभर जाड बर्फही माणसाला पेलेनासा होतो. तार १२ इंच दाखवते, पण पहार घातली की बर्फ उभ्या कांड्यांत सुटतो. असं एकदा दिसलं की त्या मोसमाचं तळं बंद, सकाळी कितीही कडक वाटलं तरी. स्केटची पाती पुसून, कोरडी करून, फडक्यात गुंडाळून ठेवा. प्लास्टिकच्या कव्हरात ठेवलीत तर ओल राहून पुढच्या डिसेंबरपर्यंत गंजतात.